बैठेपणाची महासाथ

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर त्या संकटाचे पुष्कळ पंचनामे झाले. प्राणवायू कोठे कमी पडला, खाटा कोणाला मिळाल्या नाहीत, लस कोणी साठवून ठेवली आणि कोण रिकाम्या हातांनी वाट पाहत बसला, याचे हिशेब मांडले गेले. आणि ते मांडले जाणे अवश्यच होते. परंतु या साऱ्या हिशेबात एक रक्कम आपल्याकडे मांडलीच गेली नाही. करोनाच्या महासाथीने दुसऱ्या एका जुन्या महासाथीला बळ दिले आणि त्या दुसऱ्या साथीनेही करोनाचे हात बळकट केले. ही दुसरी महासाथ म्हणजे बैठेपणाची. पहिली ओसरली, दुसरी वाढतच आहे. तिला विषाणू नाही, ताप नाही, खोकला नाही. तिचा प्रसार होतो तो आपल्या शहरांच्या रचनेतून, सरकारी हुकुमांतून आणि आपल्या स्वतःच्या समजुतींतून. म्हणूनच तिचा विचार वैद्यांवर सोपवून मोकळे होता येणार नाही.

येथे 'महासाथ' हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. करोनाचे नावही कोणी ऐकले नव्हते तेव्हा, २०१२ च्या जुलैत, लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या तोंडावर 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकाने शारीरिक निष्क्रियतेवर एक लेखमाला प्रसिद्ध केली आणि तीत या प्रश्नाला महासाथ हेच नाव दिले. २००८ साली जगात जे सुमारे ५ कोटी ७० लाख मृत्यू झाले, त्यांपैकी ५३ लाख मृत्यूंचे खापर निष्क्रियतेवर फोडावे लागते, असा त्या लेखमालेतील अंदाज होता. हृदयविकार, मधुमेह, स्तनांचा व मोठ्या आतड्याचा कर्करोग या वाटांनी हे मृत्यू येतात. तंबाखूच्या बळींच्या तोडीचा हा आकडा आहे. फरक इतकाच, की तंबाखूचा धूर डोळ्यांना दिसतो. बसून राहिलेला माणूस कोणाच्या डोळ्यावर येत नाही. उलट आपल्या समाजात बसून काम करणे हेच प्रतिष्ठेचे लक्षण ठरले आहे! मुलगा शिकला, याचा अर्थ त्याला आता उन्हात हिंडावे लागणार नाही, असाच पिढ्यान् पिढ्या घेतला गेला.

अशा या समाजावर २०२० चे संकट कोसळले. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोना ही महासाथ असल्याचे घोषित केले. त्यानंतर काय घडले याची मोजदाद कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी केली. पावले मोजणारे एक साधन भ्रमणध्वनीत बाळगणाऱ्या, १८७ देशांतील साडेचार लाखांहून अधिक लोकांची नोंद त्यांनी तपासली. घोषणेनंतरच्या दहा दिवसांत सरासरी पावले साडेपाच टक्क्यांनी घटली होती. तीस दिवसांत ही घट २७ टक्क्यांवर गेली. कडक टाळेबंदी पुकारणाऱ्या इटलीत ती ४८ टक्क्यांच्या पुढे पोहोचली, तर सौम्य निर्बंधांच्या स्वीडनमध्ये ती सात टक्क्यांच्या आतच राहिली. म्हणजे विषाणू सर्वत्र एकच असला, तरी माणसे किती थांबली हे बव्हंशी सरकारांच्या हुकुमांनी ठरविले.

माणूस काही आठवडे थांबला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावण्यात आले. त्यांच्या हृदयाची व फुप्फुसांची श्रम करण्याची शक्ती इतकी खालावली, की तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा, तीस वर्षांच्या वार्धक्यानेही त्या तीन आठवड्यांइतके नुकसान केले नव्हते असे आढळले! टाळेबंदी म्हणजे काही अंथरुणाला खिळणे नव्हे, हे आम्ही जाणतो, आणि ही तुलना कोणी शब्दशः घेऊ नये. परंतु आपल्या देशातील पहिली टाळेबंदी नेमकी एकवीस दिवसांची होती आणि ती वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली, हेही विसरून चालणार नाही. हालचाल करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, रक्तदाब आवरतो, हृदयाला कामाची सवय ठेवतो. तो थांबला की ही सारी कामे थांबतात, आणि ती थांबल्याचे शरीर लगेच बोलून दाखवीत नाही.

पण करोनापुरते बोलावयाचे, तर शरीराने ते फार लवकर बोलून दाखविले. दक्षिण कॅलिफोर्नियातील ४८,४४० करोना रुग्णांची पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. साथ येण्यापूर्वीच्या दोन वर्षांत जे सातत्याने निष्क्रिय होते, त्यांना नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या मानाने रुग्णालयात दाखल होण्याचा आणि मृत्यूचाही धोका दुपटीहून अधिक होता. उतारवय आणि अवयवरोपण हे दोन अपवाद वगळले, तर निष्क्रियतेइतका मोठा धोका दुसऱ्या कोणत्याही कारणाचा आढळला नाही. ही पाहणी रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या माहितीवर आधारलेली आहे. तिच्यावरून कार्यकारणाचा अखेरचा निवाडा देता येणार नाही. तथापि ती ज्या दिशेकडे बोट दाखविते, ती दिशा वैद्यकाला सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. रोगापासून वाचविण्यासाठी जे हुकूम निघाले, त्यांनी रोगाशी झुंजण्याचे एक साधनच लोकांच्या हातून काढून घेतले, हा या प्रकरणातील दैवदुर्विलास होय.

मग टाळेबंदी चूक होती काय? तसे आमचे म्हणणे नाही. मार्च २०२० मध्ये विषाणू नवा होता, औषध नव्हते, लस नव्हती आणि रुग्णालये अपुरी होती. अशा वेळी सरकारने दारे लावून घेतली, तर त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. आमचा प्रश्न निराळा आहे. दारे लावताना 'अत्यावश्यक' गोष्टींची जी यादी केली, तिच्यात मोकळ्या हवेत चालणे का बसले नाही? ब्रिटनने २३ मार्च २०२० रोजी निर्बंध जाहीर केले, तेव्हा दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडण्याची मुभा त्याच घोषणेत होती. फ्रान्सने घरापासून एक किलोमीटरच्या आत, एक तासभर फिरण्यास परवानगी दिली. उलट स्पेनने लहान मुलांना सहा आठवडे घरात कोंडले आणि २६ एप्रिलला त्यांना प्रथम अंगावर ऊन घेता आले. म्हणजे दोन्ही मार्ग जगापुढे होते. आपल्या केंद्र सरकारच्या यादीत धान्य होते, दूध होते, औषध होते, बँक होती, चालणे नव्हते.

महाराष्ट्रातील घटनाक्रम तर अधिकच बोलका आहे. ४ मे २०२० पासून राज्यात दारूची दुकाने अटींसह उघडण्यास परवानगी मिळाली. मैदानावर, चौपाटीवर, उद्यानात पहाटे पाचपासून सायंकाळी सातपर्यंत चालण्याची, धावण्याची आणि सायकल चालविण्याची परवानगी मिळाली ती ३ जूनला. ग्लास एक महिना आधी आणि पाऊल एक महिना नंतर! तिजोरीची निकड आम्ही समजू शकतो. पण आरोग्याच्या नावाने निघालेल्या हुकुमांचा हा क्रम आरोग्याला शोभणारा खचितच नव्हता. जूनच्या अखेरीस मुंबईत घरापासून दोन किलोमीटरांची मर्यादा आली. व्यायामशाळा दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. आणि मोकळ्या हवेत संसर्गाचा धोका बंद खोलीच्या मानाने पुष्कळच कमी असतो, हे वर्षभराच्या अनुभवाने कळून चुकल्यावरही, २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट येताच मैदाने आणि उद्याने यांना पुन्हा कुलपे लागली. पहिल्या वेळी अज्ञानाची सबब होती. दुसऱ्या वेळी ती नव्हती. मुलांची गोष्ट तर याहून करुण. मुंबईतील पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. जवळजवळ पावणेदोन वर्षे त्या वयाच्या मुलांना ना शाळेचे पटांगण दिसले, ना मधल्या सुट्टीतील धावाधाव. अभ्यास बुडाल्याची चिंता सर्वांनी वाहिली. खेळ बुडाल्याची चिंता किती जणांनी वाहिली?

यात केवळ सरकारलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्यांना आणि अंगणांना ज्या समित्यांनी कुलपे घातली, त्या कोणी मंत्रालयातून पाठविल्या नव्हत्या. त्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्याच होत्या. व्यायाम हा हौसेचा आणि म्हणून संकटात प्रथम छाटण्याचा खर्च आहे, ही समजूत राज्यकर्त्यांइतकीच आपणा सर्वांची आहे. आणि तिच्याच जोडीला दुसरी एक समजूत नांदते, ती अशी की बैठेपणा हा ज्याच्या त्याच्या आळसाचा प्रश्न आहे, त्यात सरकारने काय करावयाचे!

या दुसऱ्या समजुतीला पहिला शास्त्रीय धक्का १९५३ साली लंडनमध्ये बसला. जेरी मॉरिस या डॉक्टरने तेथील दुमजली बसगाड्यांच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर मंडळींची तपासणी केली. दोघेही एकाच गाडीवर, एकाच थरातले, जवळजवळ एकाच पगाराचे. परंतु दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांच्या मानाने दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकाराचा त्रास कितीतरी कमी होता. टपाल वाटीत हिंडणारे पोस्टमन आणि कचेरीत बसणारे टपाल खात्यातील कारकून यांच्यातही तोच फरक दिसला. या संशोधनाचे मर्म आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. तो कंडक्टर काही संयमी म्हणून, आरोग्याची व्याख्याने ऐकून जिना चढत नव्हता. जिना त्याच्या नोकरीतच बांधलेला होता! माणूस चालतो तो उपदेशाने नव्हे, त्याच्या वाटेत चालणे घातलेले असते म्हणून. आपण गेल्या तीस-चाळीस वर्षांत वाटेतले हे जिने एकेक करून काढून टाकले. कोपऱ्यावरचा वाणी घरपोच झाला, शाळा बसने लांब नेली, पदपथ दुकानांनी आणि वाहनांनी गिळले, मैदानांवर इमारती उठल्या. करोनाने उरलेसुरले कार्यालयही घरातल्या खुर्चीवर आणून ठेवले. आणि इतके करून आपण माणसाला विचारतो, तू चालत का नाहीस?

चालणे म्हटले की आरोग्य, हे समीकरणही सरसकट खरे नाही, याचे दारुण प्रत्यंतर त्याच काळात आले. ज्या दिवसांत सुखवस्तू माणसाला कोपऱ्यापर्यंत जाण्याची चोरी होती, त्याच दिवसांत लक्षावधी मजूर शेकडो मैलांच्या वाटा तुडवीत गावाकडे निघाले होते. ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून चालत निघालेले आणि थकून रुळांवरच झोपलेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. चालणे कोणाला मना आणि कोणाला शिक्षा, ही वाटणी त्या दिवसांत पैशाने आणि जागेने केली. त्या मजुरांच्या पायपिटीला व्यायाम म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. पोटासाठी उपसलेले कष्ट वेगळे आणि विश्रांती, अन्न व सुरक्षितता यांच्या आधाराने केलेली हालचाल वेगळी. म्हणून मोकळी जागा, सावली आणि निर्धोक रस्ता यांची गरज सर्वात जास्त आहे ती दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात त्यांना. ज्याच्या घरात चालण्याचे यंत्र मांडलेले आहे त्याला नव्हे.

महासाथीनंतर शहराने काय करावे, याचा धडा मुंबईला पूर्वी एकदा मिळालेला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या प्लेगने आपल्याला दोन वारसे दिले. पहिला १८९७ चा साथरोग कायदा, ज्याने सरकारच्या हाती दंडुका आला. दुसरा १८९८ ची सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, जिने कोंदट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले व दादर-माटुंग्याची मोकळी, आखीव वसाहत वसविली. या ट्रस्टने गोरगरिबांची जितकी घरे पाडली तितकी बांधून दिली नाहीत, हा तिच्यावरील आरोप खरा आहे. तरीही साथीनंतर शहराची रचनाच बदलावी लागते, केवळ शहरातली माणसे कोंडून भागत नाही, एवढे शहाणपण त्या परक्या राजवटीलाही सुचले होते. २०२० मध्ये आमच्या स्वतंत्र राज्यकर्त्यांनी १८९७ चा कायदा फडताळातून बाहेर काढला. १८९८ ची आठवण मात्र कोणाला झाली नाही! त्याच वर्षी पॅरिसने रु द रिव्होली हा आपला ऐन मध्यवस्तीतील रस्ता सायकलस्वारांच्या स्वाधीन केला, आणि १९७४ पासून दर रविवारी रस्ते मोटारींना बंद ठेवणाऱ्या बोगोटाने साथ सुरू होताच सायकलींसाठी कित्येक किलोमीटरांचे तात्पुरते मार्ग आखले. कोलंबियाची ती राजधानी काही श्रीमंत शहरांत मोडत नाही.

आपल्याकडचे चित्र काय आहे? 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' मध्ये जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ साली जगातील ३१ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे १८० कोटी माणसे, पुरेशी हालचाल करीत नव्हती. भारतात हे प्रमाण २००० साली २२ टक्के होते. २०२२ साली ते ४९ टक्क्यांवर गेले. स्त्रियांत तर ते ५७ टक्के आहे. दिवसभर घरात राबणाऱ्या स्त्रीला तासभर मोकळेपणाने, निर्भयपणे चालावयास ना वेळ मिळतो ना रस्ता, हाच या आकड्याचा अर्थ आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. निष्क्रियतेचे प्रमाण २०३० पर्यंत पंधरा टक्क्यांनी खाली आणावयाचे, असा संकल्प जगाने २०१८ साली सोडला होता. आहे हीच चाल राहिली तर ते खाली येण्याऐवजी वरच जाणार आहे. आणि आपले उपाय काय? एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यात ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्यावर साजरा होऊ लागला. उपक्रम स्तुत्य आहे. पण एक दिवस पादचाऱ्यांचा आणि उरलेले तीनशे चौसष्ट मोटारींचे, ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली?

न्यायाचे नाव काढले म्हणून सांगतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्धोक पदपथ हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले आहे. तेव्हा आता हा दयेचा किंवा सुशोभीकरणाचा प्रश्न उरलेला नाही. आमच्या मते तीन गोष्टी विनाविलंब झाल्या पाहिजेत. पहिली, साथीच्या काळातील 'अत्यावश्यक' गोष्टींच्या यादीत मोकळ्या हवेतील चालण्याला कायम जागा मिळाली पाहिजे. अंतर, वेळ, संख्या यांचे नियम जरूर असावेत, पण सरसकट कुलूप नसावे. दुसरी, शाळांचे खेळाचे तास गणिताने गिळणे थांबले पाहिजे, आणि सार्वजनिक पैशाने राखलेली शाळांची पटांगणे शाळा सुटल्यावर त्या त्या वस्तीला खुली झाली पाहिजेत. तिसरी, महानगरपालिकांच्या अंदाजपत्रकात पदपथ हे उड्डाणपुलाची उरलीसुरली चिल्लर न राहता आरोग्याचा खर्च म्हणून मांडले गेले पाहिजेत. दवाखाना आजारी माणसाला बरे करतो. पदपथ माणसाला दवाखान्यापासून दूर ठेवतो. दोन्हींचे खाते एकच असावयास हवे.

यात महाराष्ट्राला अपरिचित असे काही नाही. तालीम आणि आखाडा ही येथे सार्वजनिक संस्था होती, कोणाची खाजगी हौस नव्हती. १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि १९२४ साली पुण्यास महाराष्ट्रीय मंडळ ज्यांनी स्थापिले, त्यांनी शरीराची जोपासना हे समाजाचे कार्य मानले, म्हणूनच लोकांनी त्यांना हात दिला. त्या काळी जे लोकांच्या वर्गणीतून उभे राहिले, ते आज करांच्या कोट्यवधी रुपयांतून उभे राहू नये, याला दारिद्र्य हे कारण नव्हे. अग्रक्रम हे कारण आहे.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणीही सांगू शकत नाही. पण ती येणारच नाही, असे म्हणण्याचे धाडसही कोणी करणार नाही. त्या दिवशी मैदानाच्या फाटकापाशी पुन्हा पोलीस शिपाई उभा असेल. त्याने तेथे कुलूप लावून उभे राहावयाचे, की अंतर राखावयास सांगून लोकांना आत सोडावयाचे, हे त्या दिवशी घाईगर्दीत ठरता उपयोगी नाही. ते आज ठरविले पाहिजे. आणि त्या फाटकाच्या आत मैदान शिल्लक राहील याची व्यवस्थाही आजच केली पाहिजे.